नवऱ्याच्या एक्सेलमधले सात जण

मॅडम, नमस्कार.

मी आणि माझा नवरा दोघंही मानसशास्त्रात पीएचडी करतोय. विभाग एक, गाईडही एकच. आमचं लग्न रजिस्टर झालं तेव्हा साक्षीदार म्हणून सरांचीच सही आहे. नवऱ्याचा विषय एमपीएससी करणाऱ्या मुलांची परीक्षाचिंता. मुलं तो रविवारी शिकवतो त्या क्लासमधली. आठ सत्रांचा कार्यक्रम त्यानंच बसवला, त्यानंच घेतला. तीस मुलं कार्यक्रमात, तीस कन्ट्रोल ग्रुपमध्ये, म्हणजे कार्यक्रमाशिवाय. शेवटी प्रत्येकाकडून 'पेपरच्या आदल्या रात्री' या विषयावर एक पान लिहून घेतलं आणि त्यात दिसणाऱ्या चिंतेला १ ते ५ गुण द्यायचे होते. एक रेटर, म्हणजे गुण देणारा, तो, दुसरी मी. सर म्हणाले, घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधता? आम्ही जेवणाच्या टेबलावर बसूनच सगळे कागद तपासले, एकावर तर हळदीचा डाग आहे. आमचे गुण किती जुळतात ते सांगणारा 'कप्पा' ०.९१ आला. सगळे खूश.

गेल्या महिन्यात एक्सेलची जुनी फाइल सापडली. तीत कार्यक्रमातली मुलं तीस आहेत, प्रबंधात तेवीस. विचारलं तर म्हणाला, 'सात जणांनी दोनपेक्षा जास्त सत्रं बुडवली, आउटलायर आहेत, बाकीच्यांत बसत नाहीत.' मी हजेरी पाहिली. तितकीच सत्रं बुडवलेले आणखी चार जण आहेत. त्यांची चिंता कमी झालीय आणि ते फाइलमध्ये आहेत. सातांना धरलं तर निकाल सिग्निफिकंट राहत नाही, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

सरांना आडून विचारलं. 'घरचं विभागात आणू नकोस, वस्तुनिष्ठ राहा,' म्हणाले. नवरा म्हणतो, 'तू बायको म्हणून बोलतेयस की रेटर म्हणून?' मलाच कळत नाही. माझं काम सहा महिने अडलंय, त्याचं पुढे गेलं. मला हेवा तर वाटत नसेल? या कामावरच्या पेपरवर दुसरं नाव माझं आहे. बोलू की गप्प बसू?

— स., पश्चिम महाराष्ट्र

प्रिय स.,

तुझ्या वयाच्या मुली माझ्या वर्गात बसायच्या, म्हणून 'तू' म्हणते.

हेव्याचं आधी निकालात काढू. वाटत असेल हेवा. एकाच छपराखाली दोन पीएचड्या आणि एकच गाईड, म्हणजे न वाटला तरच नवल. पण हेव्यानं फार तर तुला ती जुनी फाइल उघडायला लावली. हजेरीपटावरचे चार जण काही तुझ्या हेव्यानं तिथे जाऊन बसलेले नाहीत. एखादी गोष्ट कुणी, कुठल्या मनानं पाहिली आणि ती गोष्ट खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'बायको म्हणून की रेटर म्हणून' असं विचारून नवऱ्यानं त्या दोघांची गाठ मारून टाकली आणि तू ती सोडवत बसलीस. रागावलेल्या सवतीनं मोजली तरी मुलं तीसच भरतील.

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'सात' नाही, 'चार' आहे. सात जणांना वगळायला कारण असू शकतं. पण तेच कारण चौघांना लागू होऊनही ते आत राहिले, तर वगळणं हजेरीवर झालं नाही, गुणांवर झालं. आणि हजेरीचा नियम अगदी प्रामाणिकपणे लावला असता तरी माझा आक्षेप राहिला असता. औषधांच्या चाचण्यांमध्ये एक जुनी शिस्त आहे: ज्याला ज्या गटात घातलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं, मग त्यानं गोळ्या घेतल्या असोत की गटारात फेकल्या असोत. कारण माणसं उगीच गळत नाहीत. त्या मुलांनी सत्रं का बुडवली असतील? उपयोग होईना म्हणून, कंटाळा आला म्हणून, नाही तर स्वस्थ बसून श्वास मोजताना धडधड आणखी वाढली म्हणून. यातलं काहीही असलं तरी कार्यक्रमाबद्दलची खरी बातमी त्या सातांकडेच आहे, आणि नेमकी तीच प्रबंधातून गेली.

तुझा नवरा लबाड आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोहन या तिघांनी एक निबंध लिहिला. काय धरायचं, काय सोडायचं, कुठे थांबायचं हे डेटा बघत बघत ठरवलं की काहीही सिद्ध करता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी सिद्ध केलं की बीटल्सचं एक गाणं ऐकलं की माणूस जवळजवळ दीड वर्षानं तरुण होतो. मनःस्थितीनं तरुण नव्हे, जन्मतारखेनं! आकडे खरे होते, कुणी एक अंकही बनवला नव्हता. फक्त प्रत्येक वळणावर सोयीचा रस्ता धरला होता. जे लोक गाळले ते धरून निकाल काय येतो हेही छापा, अशी त्यांची एक मागणी होती. नवऱ्याकडे तुला एवढंच मागायचं आहे.

त्याच्याही आधी, १९६३ साली, रॉबर्ट रोझेन्थल आणि केर्मिट फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, हे भूलभुलैयात हुशार निघालेल्यांच्या वंशातले आहेत. उरलेल्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ. उंदीर सगळे एकाच जातीचे. पाच दिवसांत 'हुशार' उंदरांनी खरोखरच सरस काम करून दाखवलं. तिथे विद्यार्थ्यांचं उंदरांशी काही नातं नव्हतं, नुसतं एक वाक्य कानावर पडलं होतं. तुझ्या नवऱ्यानं कार्यक्रम स्वतः बसवलाय, स्वतः घेतलाय, वर स्वतःच गुण दिलेत. उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत संशोधकाची स्वतःची निष्ठा ज्या उपचारावर असते तोच सरस ठरण्याकडे कल असतो, हे लेस्टर लुबोर्स्की यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं. तेव्हा तुमच्या प्रबंधातला पहिला वस्तुनिष्ठतेचा प्रश्न नवराबायकोचा नाहीच. तो तुझ्या नवऱ्याचा आणि त्याच्या आठ सत्रांचा आहे.

आता तुमचा कप्पा.

जेकब कोहेन यांनी १९६० साली हे माप दिलं. दोन रेटर नुसत्या योगायोगानंही काही ठिकाणी जुळतातच. तेवढं वजा करून उरलेली सहमती किती, हे कप्पा सांगतो. पण त्यात एक गृहीत आहे: दोघांनी स्वतंत्रपणे गुण दिले. तुम्ही दोघं समोरासमोर बसलात. तू एक पान वाचून 'बापरे' म्हणालीस, त्यानं मान वर करून पाहिलं. मधे आमटी वाढली. कुठल्या गठ्ठ्यात कार्यक्रमातली मुलं आहेत हे दोघांनाही माहीत होतं. (नव्हतं म्हणू नकोस. ते गठ्ठे वेगवेगळ्या रंगाच्या फायलींत असतात, हे मी चाळीस वर्षं पाहत आले आहे.) ०.९१ हा आकडा खोटा नाही, पण तो मोजमापाचा नाही, तुमच्या संसाराचा आहे. बरा चाललाय म्हणायचं!

यात तुझीही चूक आहे, ती लपवू नकोस. त्याच वेळी म्हणायला हवं होतं की मी दुसरी रेटर होणार नाही. इथे मला एलिझाबेथ लॉफ्टस आठवतात. साक्षीदारांच्या स्मृतीवर त्यांच्याइतकं काम क्वचितच कुणी केलं असेल. १९८७ साली जेरुसलेममध्ये जॉन डेम्यान्युकवर खटला चालला, नाझींच्या ट्रेब्लिंका छळछावणीतला रक्षक म्हणून. वाचलेल्या कैद्यांनी केलेली ओळखपरेड कितपत भरवशाची, हे सांगायला बचाव पक्षानं लॉफ्टसना बोलावलं. त्यांनी नकार दिला. त्या स्वतः ज्यू. नातेवाइकांना, मित्रांना काय वाटेल हा पेच त्यांना सुटेना, आणि त्यांनी तो उघडपणे लिहूनही ठेवला. साक्ष द्यायला नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार गेले. १९९३ साली इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. लॉफ्टसनी जायला हवं होतं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि माझंही मन तिकडेच झुकतं. पण एक गोष्ट त्यांनी नीट केली. जिथे आपला हात थरथरतोय हे कळलं, तिथे तराजू धरला नाही. वागेनार होते, म्हणून काम अडलंही नाही. तुमच्या विभागातही एखादी एम.ए. झालेली मुलगी असेल, जिला तुमच्या गठ्ठ्यांचे रंग माहीत नाहीत.

पण तुझे सर म्हणतात त्या अर्थानं वस्तुनिष्ठ राहायचं, म्हणजे घरचं माणूस म्हणून गप्प बसायचं, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्या विषयाचा इतिहास काढून बघ. गैर काय चाललंय हे बऱ्याचदा जवळच्याच माणसानं तोंडावर सांगितलंय.

ऑगस्ट १९७१, स्टॅनफर्डमधला तो तुरुंगाचा प्रयोग. तू नेट-सेटसाठी पाठ केला असशील. २४ तरुण, काहींनी कैदी व्हायचं, काहींनी रक्षक, दिवसाला १५ डॉलर, मुक्काम दोन आठवड्यांचा ठरलेला. फिलिप झिंबार्डो नुसते संशोधक नव्हते, त्या नकली तुरुंगाचे अधीक्षकही झाले होते. पाचव्या रात्री क्रिस्टिना मास्लाक तिथे आली. तिची पीएचडी नुकतीच झाली होती आणि तिचं झिंबार्डोंशी प्रेम जुळलं होतं. डोक्यावर पिशव्या घातलेले, पायाला साखळी असलेले कैदी रांगेनं शौचाला नेताना तिनं पाहिले आणि रात्री झिंबार्डोंशी कडाक्याचं भांडण केलं. तू या मुलांचं जे करतोयस ते भयंकर आहे, हे तिनं स्पष्ट सांगितलं. प्रयोग सहाव्या दिवशी बंद झाला. तोवर किती तरी बाहेरचे लोक येऊन बघून गेले होते, पण आक्षेप तिनं घेतला, असं झिंबार्डोच पुढे सांगत. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. (पुढे 'बर्नआउट', म्हणजे कामानं येणारा पार थकवा, हा शब्द मोजता येईल असा करून तिनं स्वतःचं नाव कमावलं. तो प्रयोगही नंतर बराच उघडा पडला. रक्षकांना आधीच बरंच शिकवलं गेलं होतं, हे कागदपत्रांतून बाहेर आलं.)

ती हे बोलू शकली ते नुसतं प्रेम होतं म्हणून नव्हे. प्रयोगात तिला कुठली भूमिका नव्हती. झिंबार्डो अधीक्षकाच्या खुर्चीत रुतले होते, ती बाहेरून आली होती. हाच फरक वॉटसन आणि रेनर यांच्याकडे बघितलं की ठसठशीत दिसतो. १९२० साली जॉन वॉटसननं नऊ-अकरा महिन्यांच्या बाळाला, 'लिटल अल्बर्ट'ला, पांढऱ्या उंदराची भीती शिकवली, तेव्हा बरोबर रोझाली रेनर ही त्याची विद्यार्थिनी होती. दोघांचं प्रेम होतं, आणि दोघंही प्रयोगाच्या आतच होती. बाळाची भीती उतरवायचं राहून गेलं. त्याच वर्षी वॉटसनला जॉन्स हॉपकिन्स सोडावं लागलं, पण अल्बर्टमुळे नव्हे. प्रेमप्रकरणामुळे! विद्यापीठाला लफडं दिसलं, बाळ दिसलं नाही. तुझ्या सरांचं 'घरचं विभागात आणू नकोस' वाचलं आणि मला तेच आठवलं.

आणखी एक उदाहरण मुद्दाम सांगते, कारण त्यात लग्नाचा साक्षीदार शोभेल असा माणूस आहे. सिरिल बर्ट म्हणजे ब्रिटिश मानसशास्त्रातलं केवढं मोठं प्रस्थ, 'सर' ही पदवी मिळालेले पहिले मानसशास्त्रज्ञ. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांवरचं त्यांचं काम बुद्धिमत्तेच्या वादात हुकमाचा एक्का होतं. १९७१ साली ते गेले. स्मृतिसभेत भाषण केलं लेस्ली हर्नशॉ यांनी. बर्टच्या बहिणीनं त्यांनाच चरित्र लिहायला सांगितलं, डायऱ्या आणि पत्रं हातात दिली. हर्नशॉ आदरानंच लिहायला बसले. मधल्या काळात मानसशास्त्रज्ञ लिऑन कॅमिन यांच्या लक्षात आलं होतं की जुळ्यांच्या २१ जोड्या असोत की ५३, त्यांची बुद्धिमत्ता किती जुळते हे सांगणारा बर्टचा सहसंबंध ०.७७१ चा हलत नाही. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत! हर्नशॉ डायऱ्या तपासत गेले. शेवटच्या काळात नवा डेटा गोळा केल्याच्या खुणाच त्यांना सापडेनात. १९७९ साली चरित्र आलं, त्यात त्यांनी लिहिलं की बर्टनी आकडे बनवले. पुढे बर्टची बाजू घेणारी पुस्तकं निघाली, तो वाद अजून मिटलेला नाही. तरी विचार कर, श्रद्धांजली वाहिलेल्या माणसानं हे लिहिलं. बहिणीचा विश्वास होता म्हणूनच डायऱ्या त्यांच्या हाती पडल्या होत्या.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचं प्रकरण तर तुमच्या पिढीचंच. तिथला प्राध्यापक डीडरिक स्टापेल पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तयार, म्हणजे स्वतःच बनवलेला, डेटा आणून द्यायचा. मुलांना वाटायचं, काय दिलदार गाईड. २०११ साली तीन तरुण संशोधक धीर करून विभागप्रमुखांकडे गेले. विभागप्रमुख मार्सेल झेलेनबर्ग हे स्टापेलचे मित्र. त्यांनी मैत्री बाजूला ठेवून मित्रालाच थेट विचारलं. पुढे त्याचे ५८ शोधनिबंध मागे घ्यावे लागले. स्टापेल तेव्हा फॅकल्टीचा डीन होता, हेही लक्षात घे. तुझे सर निदान डीन तरी नसतील.

तर, बोल. आधी नवऱ्याशी, आणि जेवणाच्या टेबलावर नको. विभागात, त्याच्या मशीनवर, दोन्ही फायली उघड्या ठेवून. 'तू असं का केलंस' हे वाक्य सुरुवातीला तोंडातून काढू नकोस, त्याला उत्तर म्हणून फक्त भांडणच येतं. विचार, की किती सत्रं बुडवली तर वगळायचं हे कधी ठरलं, कार्यक्रमानंतरचे, पोस्ट-टेस्टचे गुण पाहण्याआधी की नंतर? आधी दिलेल्या आराखड्यात, सिनॉप्सिसमध्ये लिहिलंय का? मग म्हण, तिसांचं अ‍ॅनालिसिस पण लावू, तेविसांचं पण लावू, आणि प्रबंधात दोन्ही तक्ते देऊ. सात जण कोणत्या सत्रानंतर गळले, तेही देऊ. यानं त्याची पीएचडी जात नाही. कार्यक्रमाचा परिणाम स्पष्ट दिसला नाही आणि गळती इतकी झाली, असं सांगणारा प्रबंध परीक्षक नापास करत नाहीत. वायवामध्ये, तोंडी परीक्षेत, हजेरीपट मागितला गेला आणि तेव्हा हे निघालं, तर मात्र करतील. गुण नव्यानं देऊन घ्या, दोन परक्या रेटरांकडून. नावं झाकून, क्रमांक घालून, दोन्ही गठ्ठे पिसून. कप्पा ०.७ वर आला तरी चालेल, तो निदान कागदांचा असेल. मेथडच्या प्रकरणात एक वाक्य जाऊ दे, की आधीचे दोन्ही रेटर पतीपत्नी होते आणि त्यांना गट माहीत होते.

त्यानं ऐकलं नाही, तर पेपरवरचं तुझं नाव तू काढून घे. लेखी, एका ओळीच्या मेलनं. ते सर्वस्वी तुझ्या हातात आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

सरांचं प्रकरण जरा अवघड आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सेमिस्टरला तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. निमंत्रक गाईडच असतात, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे फार भाबडी होऊ नकोस. पण समितीत आणखी माणसं असतात. नवरा स्वतःहून दोन तक्ते घेऊन तिथे उभा राहिला, तर सरांनाही ते सोपं जाईल. तक्रार आली असं होणार नाही, दुरुस्ती झाली असं होईल. आणि एक आगाऊ सूचना: प्रत्येक विभागात सरांशी न पटणारं एक माणूस असतंच. तुमच्याकडे ते कोण आहे, त्याला नवऱ्यानं मसुदा वाचायला द्यावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आपल्या विरोधकांबरोबर मिळून प्रयोग आखायचे, मधे पंच म्हणून बार्बरा मेलर्स. २०२३ साली पैसा आणि सुख या वादात त्यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थबरोबर हेच केलं, आणि एका मर्यादेपुढे पैशानं सुख वाढत नाही हे आपलं जुनं म्हणणं बऱ्याच लोकांना लागू पडत नाही हे मान्य केलं. तेव्हा ते नव्वदीला टेकले होते.

तू ओझरतं लिहिलेलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: मुलं त्याच्याच क्लासमधली. मीही हे केलंय. माझ्या पीएचडीला मी शिकवत होते तोच टीवायचा वर्ग नमुना म्हणून घेतला. एकीनंही नाही म्हटलं नाही आणि मी प्रबंधात अभिमानानं लिहिलं, 'सर्व सहभाग ऐच्छिक.' वीसेक वर्षांनी त्यातली एक मुलगी एका लग्नात भेटली. पंगतीत शेजारी बसून हसत म्हणाली, 'मॅडम, प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्या हातात, नाही कोण म्हणणार होतं?' तो जिलबीचा तुकडा घशाखाली उतरेना. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संहितेत याचं कलम आहे: विद्यार्थ्यानं भाग घेतला नाही तरी त्याचं नुकसान होता कामा नये. तेव्हा त्या सात जणांना शोधून, क्लासमधले सर म्हणून नव्हे तर संशोधक म्हणून, का आला नाहीत हे विचारायचं असेल, तर नवऱ्याला पाठवू नकोस. त्याला ते खरं सांगणार नाहीत. ते काम त्या एम.ए. झालेल्या मुलीला सांग, आणि तिला पैसे द्या.

आणि कागद आजच टेबलावरून उचल. मुलांनी आपल्या सर्वात वाईट रात्रीबद्दल लिहिलेलं आहे ते, कुलपात असायला हवं. हळदीचा डाग पडलेलं पान खराब झालं म्हणून फेकून देऊ नकोस. त्यावर क्रमांक घाल आणि ते पान सातांपैकी कुणाचं आहे का, ते बघ.